चाकाची नक्षी आणि गायरानाची माती

टायरसारख्या वस्तूवर पक्षाच्या साप्ताहिकाने रकाने खर्च करावेत काय, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येईल. महागाई आहे, बेकारी आहे, शेतमालाच्या भावाचा प्रश्न आहे. ते सोडून सुखवस्तू घरांतील तरुणांच्या फटफटीची चर्चा कशाला? आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु ज्या डोंगरउतारावर गावच्या बायकांनी टिकाव-घमेली घेऊन चर खोदले, त्याच उतारावरून रविवारच्या सकाळी दहावीस मोटारसायकली सरळ रेषेत वर चढविल्या जातात आणि पहिल्या वळवाच्या पावसाबरोबर त्यांच्या चाकोऱ्यांतून माती खाली वाहू लागते, तेव्हा प्रश्न हौसेपुरता उरत नाही. श्रम कोणाचे, उपभोग कोणाचा आणि नुकसान कोणाच्या माथी, हा समाजवाद्यांचा जुनाच प्रश्न तेथे नव्या वेषात उभा असतो.

रस्ता सोडून रानात चालविण्याजोगी मोटारसायकल ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नव्हे. २०१६ साली ‘हिमालयन’ आणि २०१९ साली ‘एक्सपल्स २००’ बाजारात आल्यानंतर हा छंद मध्यमवर्गाच्या आटोक्यात आला. छंदाला दोष देण्याचे कारण नाही. कचेरीत आठवडाभर मान मोडून काम करणाऱ्या तरुणाला डोंगर हाका मारीत असेल तर ते त्याच्या प्रकृतीचे लक्षणच म्हणावे लागेल. दोष आहे तो त्याला जे विकले जाते त्यात. जाहिरातीतली मोटारसायकल नेहमी ओढ्यातले पाणी उधळीत किंवा मागच्या चाकाने मातीचा फवारा उडवीत येते. तो फवारा म्हणजे पराक्रमाची खूण, असे पाहणाऱ्याच्या मनावर बिंबविले जाते. वस्तुतः तो फवारा म्हणजे चाक घसरत असल्याची, अर्थात् चालविणाऱ्याचे कसब अपुरे पडत असल्याची खूण आहे. आणि जी माती उडते ती कोणाच्या तरी गायरानाची असते.

टायरच्या दुकानात गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारतो : पकड कशी आहे आणि किती किलोमीटर चालेल? जमिनीचे काय होईल, हा तिसरा प्रश्न विचारला जात नाही. कारण त्या प्रश्नाचे उत्तर ज्याला हवे आहे तो दुकानात नसतोच. तो आपल्या शेळ्यांमागे असतो, किंवा पाझर तलावाखालच्या दोन एकरांत असतो.

तेव्हा तिसरा प्रश्न येथे विचारून पाहू. टायरचा जमिनीवरील दाब हा ढोबळमानाने त्यातील हवेच्या दाबाइतका असतो. मागच्या चाकावर स्वारासह दीडशे किलो, म्हणजे सुमारे ३३० पाउंड भार येतो असे धरले आणि टायरात ३० पाउंड हवा असली, तर जमिनीला टेकणारा भाग सुमारे ११ चौरस इंच भरतो. हवा २० पाउंडांवर आणली की तोच भार साडेसोळा चौरस इंचांवर पसरतो. प्रत्येक इंचावरचे ओझे एकतृतीयांशाने घटते, आणि त्यासाठी एक छदामही खर्चावा लागत नाही. फक्त परतताना डांबरी रस्ता लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी लागते, त्यासाठी एक हातपंप बाळगावा लागतो. कमी हवेत दगडावर आपटून रिम वाकण्याचे, ट्यूब चिमटून पंक्चर होण्याचे भय असते, म्हणून स्वार हवा कमी करीत नाहीत. म्हणजे रिम वाचावी म्हणून माती खर्ची पडते. रिमची किंमत स्वाराला ठाऊक असते. मातीची किंमत त्याला कोणी सांगितलेली नसते.

नक्षीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि येथे भाबडेपणा उपयोगाचा नाही. शर्यतीच्या टायरावर उंच, कडक आणि एकमेकांपासून दूर असे ठोकळे असतात. चिखलात ते रुतून पकड घेतात, आणि रुतून पकड घेणे याचाच अर्थ जमीन फाडणे. कठीण मुरमावर सगळा भार ठोकळ्यांच्या माथ्यांवरच येतो. टेकलेल्या भागाचा तिसरा हिस्साच रबर असेल तर त्याखालचा दाब तिप्पट होतो. गवताच्या मुळांचे जे जाळे माती धरून ठेवते ते या ठोकळ्यांच्या कडा कातरीत जातात. मग गुळगुळीत रस्त्याचा टायर बरा म्हणावा, तर तेही सर्वस्वी खरे नाही. ओल्या चढावर गुळगुळीत टायर घसरतो, स्वार अधिक जोर लावतो, चाक जागच्या जागी गरगरते आणि हातभर खळी पडते. मातीचे सर्वांत मोठे नुकसान मोटारसायकलच्या वजनाने होत नाही. ते गरगरणाऱ्या चाकाने होते.

या दोहोंमधला एक मार्ग फार पूर्वीच सापडलेला आहे. ट्रायल्स नावाचा जो क्रीडाप्रकार आहे त्यात वेगाला महत्त्व नाही. पाय न टेकता खडकांवरून, ओहोळांतून मोटारसायकल तोलून नेणे एवढेच त्यात पाहिले जाते. त्यासाठीच्या टायरचे रबर मऊ, बाजू लवचीक, ठोकळे बुटके, चौकोनी आणि दाटीने बसविलेले असतात. मागच्या चाकात जेमतेम चारपाच पाउंड हवा असते. हा टायर जमिनीत घुसून पकड घेत नाही. तो जमिनीला लपेटून पकड घेतो. भरधाव वेगाला आणि लांबच्या डांबरी प्रवासाला तो निकामी आहे हे खरे. परंतु ज्याला खरोखर रानात हिंडायचे आहे, रानावर स्वारी करायची नाही, त्याला भरधाव जाण्याचे कारण काय? बाकीच्यांसाठी मध्यम उंचीच्या, दाट ठोकळ्यांचा दुहेरी उपयोगाचा टायर आपल्या कोरड्या, मुरमाड डोंगरांवर पुष्कळ झाला. शर्यतीचे उंच ठोकळे लावून चहा प्यायला सिंहगडच्या रस्त्याला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी; तेथे झीज होते ती रबराचीच.

एन्ड्युरो शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मागच्या टायरच्या ठोकळ्यांची उंची १३ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये, अशी मर्यादा घातलेली आहे. शर्यतीच्या क्षेत्रात, जेथे क्षणाचाही हिशेब होतो, तेथे जर मिलिमीटर मोजून नियम करता येतो, तर आपल्या गायरानात तो का करता येऊ नये? नियम तेथे झाला याचे कारण असे की ज्यांच्या जमिनीवरून शर्यत जाते त्यांनी परवानगी नाकारली तर शर्यतच होणार नाही, ही जाणीव आयोजकांना आहे. आपल्याकडे परवानगी कोणी मागतच नाही. टायरच्या नक्षीमागे सत्तेचा प्रश्न दडलेला असतो तो असा.

आता जमिनीकडे वळू. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, हिवरे बाजारने आणि संगमनेर तालुक्यातील दरेवाडीने डोंगर पुन्हा हिरवे केले ते काही निसर्गाच्या कृपेने नव्हे. समपातळी चर खणले, बांध घातले, आणि त्याहून अवघड म्हणजे कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. चराईबंदी हा शब्द शहरी कानांना गोड लागतो. परंतु शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या कुटुंबाला तिचा अर्थ कळप विकणे किंवा चाऱ्यासाठी दूर भटकणे असाच होतो. पाणलोटाच्या कामात ही सर्वांत मोठी वर्गणी नेहमी सर्वांत गरीब माणसाने भरली आहे, आणि तिची पावती त्याला क्वचितच मिळाली आहे. जेथे जेथे मेंढीच्या खुराला असा मज्जाव झाला, तेथे दीडदोनशे किलोच्या यंत्राला वाट मोकळी असावी, यासारखा अन्याय दुसरा नाही. मेंढीवर दंड होतो, कारण मेंढीचा धनी गावात राहतो आणि सापडतो. फटफटीचा धनी सोमवारी सकाळी कचेरीत असतो.

चराचे तत्त्व साधे आहे. उतारावरून धावणाऱ्या पाण्याला आडवे थांबवायचे, त्याला मुरायला सवड द्यायची. मोटारसायकलचा स्वार मात्र चढ सरळ चढतो. आडवे गेले तर तोल जातो. त्यामुळे त्याची चाकोरी नेमकी पाण्याच्या धावेच्या दिशेने पडते. चराचा बांध जेथे तो ओलांडतो तेथे माथा खचतो. पुढच्या पावसात पाणी तीच खिंड शोधते आणि एक बांध फुटला की खालच्यावर दुप्पट भार येतो. दहा सेंटिमीटर रुंद, पाच सेंटिमीटर खोल अशी चाकोरी एक किलोमीटर लांब गेली तर पाच घनमीटर माती सुटी झाली. रोजगार हमीच्या कामावर मजुरी घनमीटरावर मोजली जात आली आहे. पाच घनमीटर खोदायला किती घाम लागतो हे ज्यांनी ते काम केले त्यांना विचारावे. १९७२ च्या दुष्काळात या राज्याने श्रमिकांच्या दबावाने कामाचा हक्क मान्य केला, १९७७ साली त्याचा कायदा झाला. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत गावोगावी लोकांनी फुकट श्रमदान केले. या साऱ्या श्रमाचे भांडवल डोंगरावर चरांच्या रूपाने पडून आहे. कारखान्यातले भांडवल कोणी असे तुडविले असते तर पोलीस आले असते.

सरकारी भाषेचाही यात हात आहे. आपली गवताळ माळराने आणि झुडपी राने सरकारी नकाशांत ‘पडीक’ म्हणून दाखविली जातात. २००० सालापासून तर अशा पडीक जमिनींचे देशव्यापी नकाशासंग्रहच निघत आले आहेत. ज्या माळावर धनगरांचे कळप पिढ्यान्पिढ्या चरतात, जेथे माळढोक आणि तणमोर यांची घरटी होती, ती जमीन पडीक? पडीक म्हणजे कोणाचीच नव्हे, आणि जी कोणाची नव्हे ती पहिल्या येणाऱ्याची, असा अर्थ शहरातून येणारा स्वार प्रामाणिकपणे करतो. त्याला वाटते, येथे काय बिघडणार, येथे तर काहीच नाही. सह्याद्रीच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवरही असेच ‘काहीच नाही’. काही बोटे मातीचा थर, आणि त्यावर पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवे, डबक्यांत वायतुरा. त्या थराखाली खडक आहे. चाकाने थर निघाला तर खालून दुसरी माती वर येणार नाही. कास पठाराचा समावेश २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात झाला, तेथे भोवतालच्या गावांच्या वनसमित्या फुलांच्या हंगामात शुल्क घेतात आणि वाहनांना आळा घालतात. पण सह्याद्रीत सडे शेकड्यांनी आहेत आणि वारशाचा शिक्का त्यांतल्या मोजक्यांवरच आहे.

जखम किती टिकते याचा एक दाखला परदेशातला द्यावा लागेल, कारण हा छंद तेथे आपल्या अर्धशतक आधी फोफावला. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात जनरल पॅटनने १९४२ साली रणगाड्यांच्या सरावाची छावणी घातली. ती १९४४ साली उठली. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात. मोटारसायकल म्हणजे रणगाडा नव्हे, हे मान्य. पण कोरड्या मुलखात माती एकदा दाबली गेली की तिला सैल करणारी मुळे आणि किडे तेथे फार थोडे असतात, आणि दाबण्याचे बरेचसे काम पहिल्या काही फेऱ्यांतच उरकते, एवढे त्यावरून शिकता येते. त्याच वाळवंटात १९६० नंतर हजारो मोटारसायकली उतरल्या. अखेर निक्सनसारख्या, ज्यांना कोणी समाजवादी म्हणणार नाही अशा अध्यक्षांना १९७२ साली सार्वजनिक जमिनींवर अशा वाहनांसाठी मार्ग आखून देण्याचा आदेश काढावा लागला. कार्टर यांनी १९७७ साली तो अधिक कडक केला. कॅलिफोर्निया राज्याने १९७१ सालीच कायदा करून या वाहनांची वेगळी नोंदणी आणि शुल्क सुरू केले. त्या पैशातून राखीव मैदाने आणि मातीची दुरुस्ती चालते. भांडवलशाहीच्या माहेरघरात जे शक्य झाले ते येथे बोलले तरी अतिरेक ठरतो.

अर्थशास्त्रात याला नाव आहे. पिगू यांनी १९२० साली मांडले की खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांत तफावत पडली की बाजार चुकीचा निवाडा देतो. टायरच्या किमतीत रबर आहे, मजुरी आहे, नफा आहे, कर आहे. फुटलेला बांध नाही. म्हणून ‘स्वारांनी जागरूक व्हावे’ या उपदेशावर विसंबणाऱ्यांना काय म्हणावे? अमेरिकेत वनखात्याने १९८५ साली हळुवार चाकाचा प्रचार सुरू केला, त्याने काही भले स्वार अधिक भले झाले असतील. पण जो मऊ टायर घेतो, हवा कमी करतो, ओल्या मातीवर जात नाही, त्याच्या मागोमाग उंच ठोकळ्यांचा दुसरा येतो आणि पहिल्याचा संयम पाण्यात जातो. एकट्याचा सद्गुण सामायिक जमिनीवर टिकत नाही.

दुसरीकडे आपल्यातच असे मित्र आहेत जे म्हणतात, सरसकट बंदी घाला. डोंगरावर मोटारसायकल दिसली की जप्त. हे म्हणणे ऐकायला जहाल आहे, आणि अंमलात आले तर पहिला बळी कोण पडेल हे त्यांनी पाहिलेले नाही. वाडीवरचा दूधवाला रोज पहाटे दोन कॅन लटकवून त्याच पायवाटेने उतरतो. आशा सेविका त्याच वाटेने धनगरवाड्यावर जाते, बाळंतीण खाली आणायची तर पुष्कळदा मोटारसायकलच असते. त्यांचे टायर घासून गुळगुळीत झालेले असतात, चढावर घसरतात, चाकोरी पाडतात. कारण नवा टायर परवडत नाही. शहरातून आलेल्याला चौकशी करायला कोणी थांबविणार नाही, आणि पाचशे रुपयांची पावती फाडली जाईल ती दूधवाल्याची. गरजेची चाकोरी आणि हौसेची चाकोरी यांत फरक करता येत नसेल तर आपण नियम करण्याच्या लायकीचे नाही. गरजेच्या चाकोरीवर उपाय बंदी नव्हे, तेथे धड रस्ता हा आहे. तो होईपर्यंत त्याच एका वाटेवर फरशी-दगडाची पायबंदी आणि पाणी वळविणारे आडवे ओटे.

चाक कोणते असावे याचा निर्णय समाजाने करण्याची आपल्याला सवय नाही असेही नव्हे. लोखंडी धावेच्या बैलगाड्या रस्ते कापीत, बैलांना जड जात. रबरी चाकांची गाडी आली तेव्हा ती महाग होती. गरीब शेतकऱ्याने ती आपण होऊन घेतली असती असे नाही. साखर कारखान्यांनी त्या गाड्या बांधून ऊसतोडणी कामगारांना भाड्याने दिल्या, आणि चाक बदलले. कारखान्यांचा हेतू ऊस लवकर गव्हाणीत यावा हा होता, आणि भाडे त्यांनी कसून वसूल केले, हे विसरण्याचे कारण नाही. पण चाक ही केवळ खासगी आवडनिवड नसते, एवढे त्यातून दिसते.

मग हा निर्णय कोणी घ्यावा? हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक जमिनीची शोकांतिका अटळ ठरविली होती. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात जगभरची उदाहरणे देऊन दाखविले की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, स्वतः राखण ठेवली, तर शोकांतिका अटळ नसते. २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्या गावकऱ्यांना ही गोष्ट देवरायांमुळे फार पूर्वीपासून ठाऊक होती. कायद्याचा आधारही आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत गुरचरणासाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. राखीव वनात परवानगीवाचून शिरणे १९२७ च्या वनकायद्याने गुन्हाच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने वन, वन्यजीव आणि पाणलोट राखण्याचा अधिकार हक्कधारकांना व ग्रामसभेला दिला. मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक हक्क मिळवून तो वापरून दाखविला. जेथे असे हक्क मिळाले तेथे ग्रामसभेने बोलायचे आहे. जेथे मिळाले नाहीत तेथे ते मागायचे आहेत, आणि मोटारसायकलींचा उपद्रव हे त्या मागणीचे एक सबळ कारण आहे.

ठरावात काय असावे हे सांगणे कठीण नाही. हौसेच्या स्वाराने आधी नोंद करावी. गावाने दाखविलेल्या एकाच वाटेने, बांध वगळून जावे. मागच्या टायरचे ठोकळे १३ मिलिमीटरच्या आत असावेत, ते मोजायला शाळेतली पट्टी पुरे. हवा गावच्या वेशीवर मोजून उतरवावी. त्यासाठी वाडीतल्या एखाद्या बेकार तरुणाला दाबमापक आणि पंप घेऊन बसविले तर त्याला दोन पैसे मिळतील. पहिल्या पावसापासून गवत कापून होईपर्यंत सगळ्यांनाच मज्जाव. आणि शुल्काचा ठरावीक हिस्सा आधी त्या कुटुंबांना, ज्यांनी चराईबंदीत कळप विकले. मग बांधदुरुस्तीच्या मजुरीला. हा क्रम उलटा लागला तर शुल्क सरपंचाच्या कमानीत जाईल, हा अनुभव नवा नाही. शहरांतल्या मोटारसायकल मंडळांशी बोलायलाही कमीपणा मानू नये. त्यांच्यात विचारी माणसे आहेत, आणि उंच ठोकळे लावून डोंगर नासणाऱ्यांमुळे उद्या आपल्यालाही वाट बंद होईल हे त्यांना कळते.

१ मेच्या ग्रामसभेला ज्या गावांत आपले कार्यकर्ते आहेत तेथे हा विषय पत्रिकेवर यावयास हवा. त्यासाठी एप्रिलमध्येच डोंगरावर जाऊन किती बांधांचे माथे खचले आहेत, चाकोऱ्या कोठून कोठे गेल्या आहेत, याची मोजणी करून ठेवावी, आणि मोजायला ज्यांनी ते चर खोदले त्या बायकांना बरोबर घ्यावे. जूनमध्ये मोजायला गेल्यास मोजण्याजोगे फारसे राहिलेले नसेल.